ड्राफ्टमध्ये नाव न आलेला मुलगा: ईसीएचएलचा करार घ्यावा की आधी विद्यापीठ?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. मुलगा विशी ओलांडतोय. ओंटारियो हॉकी लीग या कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकी लीगमधली त्याची चार वर्षं आता संपली आणि एनएचएल या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, कुणी त्याचं नाव घेतलं नाही. अमेरिकेतल्या एका ईसीएचएल (एनएचएलपासून तिसऱ्या पायरीची लीग) क्लबच्या प्रशिक्षकाने फोन करून करार देऊ केलाय. दुसरीकडे कॅनडातलं एक विद्यापीठ त्याला संघात घ्यायला तयार आहे आणि ज्युनियरच्या वर्षांमुळे फीचीही सोय होईल. शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय: "दर वर्षी नवा संघ, नवं गाव, असं दहा वर्षं फिरण्याला करिअर म्हणायचं का, की आम्ही त्याची वर्षं वाया घालवतोय?"

मला या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी द्यायचंय, कारण बाकीचा निर्णय त्यावर उभा आहे. हो, ते करिअर आहे. मी खेळाडूंच्या करारांचं काम करतो. माझ्याकडचे बहुतेक खेळाडू एएचएल (एनएचएलच्या लगेच खालची लीग), ईसीएचएल आणि युरोपातल्या लीगमध्ये खेळतात. इकडे ज्यांना जर्नीमन, म्हणजे संघामागून संघ बदलत खेळणारे, म्हणतात, तेच हे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, की हा मोठा खेळाडू व्हायला निघाला होता आणि वाटेत अडकला. आतून चित्र वेगळं असतं. हा स्वतंत्र पेशा आहे. त्याची कौशल्यं वेगळी, नियम वेगळे, पैशाचं गणितही वेगळं. या पेशात पस्तिशीपर्यंत टिकणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण करिअर आहे म्हणून आजच सही करावी, असं मात्र नाही. उलट, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे त्यातली घाई.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही. तो सेंटर (मधला आक्रमक) आहे, विंगर (कडेचा आक्रमक) आहे की डिफेन्समन (बचावपटू), हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने फार फरक पडतो. उजव्या हाताने शॉट मारणारा डिफेन्समन सगळ्याच लीगना कमी पडतो, तर डावखुरे विंगर हवे तेवढे मिळतात. गोलकीपर असेल तर हिशेबच निराळा, कारण संघात जागा दोनच. त्याचं स्केटिंग मोठ्या माणसांच्या वेगाला पुरेल का, चौदा तास बसमध्ये काढून दुसऱ्या दिवशी खेळणं त्याच्या स्वभावाला मानवेल का, हे तुम्हाला आणि त्यालाच ठाऊक. त्यामुळे मी पुढे जे लिहितोय ते निर्णय कसा करावा याबद्दल आहे. निर्णय त्याचाच.

आधी शिडी समजून घेऊ. सगळ्यात वर एनएचएल, ३२ संघ. त्यांच्याखाली एएचएल, तिथेही ३२ संघ, प्रत्येक एनएचएल क्लबशी एक जोडलेला. त्याखाली ईसीएचएल, साधारण तीस संघ, आणि त्यातले बहुतेक वरच्या क्लबांशी संलग्न. एनएचएल क्लबला एका वेळी जास्तीत जास्त ५० खेळाडूंशी करार करता येतात. वरच्या संघात २३ जण असतात, उरलेले एएचएलमध्ये किंवा ज्युनियरमध्ये. म्हणजे एएचएलच्या ड्रेसिंग रूममधल्या बऱ्याच खुर्च्या आधीच भरलेल्या असतात, आणि त्यावर बसलेल्या मुलांवर वरच्या क्लबने ड्राफ्टची निवड आणि पैसा खर्च केलेला असतो. ज्याचं नाव ड्राफ्टमध्ये आलं नाही त्याला उरलेल्या मोजक्या खुर्च्यांसाठी झगडावं लागतं.

आता त्या खुर्च्या कशा मिळतात ते पाहू, कारण इथेच बहुतेक पालकांची आणि मुलांची गल्लत होते. मुलाला वाटतं, ईसीएचएलमध्ये भरपूर गोल केले की एएचएलवाले बोलावतील. कधी कधी बोलावतातही. पण एएचएलचा प्रशिक्षक शुक्रवारी रात्री अकरा वाजता फोन करतो तेव्हा त्याची अडचण अगदी नेमकी असते. त्याचा चौथ्या लाइनचा (आलटून पालटून उतरणाऱ्या आक्रमकांच्या शेवटच्या तिकडीचा) विंगर जखमी झालेला असतो, किंवा पेनल्टी किलवर (शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असताना बचावाला) जाणाऱ्या एकाला एनएचएलने वर बोलावलेलं असतं. पॉवर प्लेवरची (समोरचा एक खेळाडू कमी असतानाच्या आक्रमणातली) जागा रिकामी नसते, ती ड्राफ्ट झालेल्या मुलांसाठी राखलेली असते आणि ती त्यांना देणं हे त्या प्रशिक्षकाचं कामच असतं. त्याला माणूस हवा असतो तो दहा मिनिटं खेळणारा, आपल्या झोनमध्ये पक (चेंडूऐवजी वापरतात ती चकती) न गमावणारा, शॉट अडवणारा, फेस-ऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झटापट) जिंकणारा, आणि संघाची पद्धत सकाळच्या एका सरावात उचलणारा. ईसीएचएलमधला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू या कामाला योग्य असेलच असं नाही. अनेकदा त्याच संघातला तिसऱ्या क्रमांकाचा सेंटर, ज्याचं नाव प्रेक्षकांना आठवतही नाही, तो वर जातो.

म्हणून माझ्याकडे नवा मुलगा आला की मी त्याला एकच विचारतो: तुझ्यापेक्षा चांगल्या खेळाडूंच्या संघात तू कोणतं काम करशील? ज्युनियरमध्ये तो पहिल्या लाइनवर असेल, पॉवर प्लेवर असेल. वर ते काम त्याला मिळणार नाही. ज्याला याचं उत्तर विशीत सापडतं, तो टिकतो. ज्याला सापडत नाही, तो पंचविशीत चिडलेला असतो.

ॲलेक्स बरोज हे याचं मला सगळ्यात भावणारं उदाहरण. त्याचंही नाव ड्राफ्टमध्ये आलं नाही. त्याची व्यावसायिक सुरुवात ईसीएचएलमध्ये झाली. तिथून एएचएलच्या मॅनिटोबा मूसमध्ये आणि मग व्हँकुव्हर कॅनक्समध्ये तो पोचला, तो समोरच्याला हैराण करणारा आणि पेनल्टी किलवर मर मर राबणारा खेळाडू म्हणून. कॅनक्सचे मुख्य आक्रमक असलेल्या सेडिन बंधूंच्या लाइनवर बसून गोल करणं नंतर आलं. एनएचएलमध्ये तो ९१३ सामने खेळला. दार उघडलं ते राबण्याने, गोलांची पाळी आत गेल्यावर आली.

माइक सिलिंजरचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं आहे. तो पहिल्या फेरीत ड्राफ्ट झालेला, १९८९ साली डेट्रॉइटने ११ व्या क्रमांकावर घेतलेला. तरीही तो १२ एनएचएल संघांकडून खेळला, हा विक्रम आहे, आणि त्याची नऊ वेळा ट्रेड (क्लबांमधली अदलाबदल) झाली. सामने किती? १,०४९. आता हे आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. कुणी म्हणेल, बारा संघांना तो नको होता. मी म्हणतो, बारा संघांना तो हवा होता. फेस-ऑफ जिंकणारा आणि पेनल्टी किलवर भरवशाचा सेंटर म्हणून दर वर्षी कुणाला तरी त्याची गरज पडत होती, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी द्यायला ते तयार होते. ट्रेड होणं म्हणजे बाजारात किंमत असणं. किंमत नसलेल्या खेळाडूची ट्रेड होत नाही. त्याला सोडून दिलं जातं.

आता घड्याळाबद्दल. माझ्या मते तुमचा निर्णय याच गोष्टीवर ठरायला हवा, आणि घरी बसून निर्णय घेणाऱ्या कुटुंबांना नेमकी हीच गोष्ट माहीत नसते. एएचएल ही मुख्यतः खेळाडू घडवण्याची लीग आहे, म्हणून तिथे एक नियम अनेक वर्षं चालत आलाय. सामन्याला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी (गोलकीपर सोडून बाकीचे) १३ जण 'डेव्हलपमेंट' गटातले असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा त्याहून कमी हवेत, आणि एकाला ३२० पर्यंत सवलत. अनुभवी खेळाडूंना उरतात त्या फक्त पाच जागा. ईसीएचएलमध्येही असाच नियम आहे: २६० व्यावसायिक सामने पूर्ण झालेले 'व्हेटरन' संघाला चारच खेळवता येतात. गोलकीपर यातून वगळलेले. ईसीएचएलचा हंगाम ७२ सामन्यांचा असतो. हिशेब करा, साडेतीन हंगामांत मुलगा व्हेटरन होतो. एकविसाव्या वर्षी सुरुवात केली तर पंचविशीच्या आतच तो त्या चार जागांसाठी भांडणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. तोपर्यंत तो संघाच्या पहिल्या चौघांत मोजला जाण्याइतका चांगला झालेला नसेल, तर त्याच्यापेक्षा कच्चा पण तरुण मुलगा त्याची जागा घेतो. आणि यात प्रशिक्षकाचा काही दुष्टपणा नसतो. नियमच तसा आहे.

हे घड्याळ पहिल्या व्यावसायिक सामन्याला सुरू होतं. विद्यापीठात ते थांबलेलं असतं. मला घाई खटकते ती यासाठी. शरीर अजून पुरतं भरलेलं नाही, खेळातली भूमिका ठरलेली नाही, अशा मुलाने ते २६० सामने वापरायला सुरुवात करणं म्हणजे हातातली मोजकी पुंजी शिकण्यात खर्च करणं. तेच शिकणं विद्यापीठात फुकट होतं, आणि वर पदवी मिळते.

"पण तेवीस-चोवीसाव्या वर्षी त्याला कोण विचारणार?" हा पुढचा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो. जोएल वॉर्डकडे पाहा. तो ओंटारियो लीगमध्ये ओवेन साउंडकडून खेळला, ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. मग तो प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या विद्यापीठात चार वर्षं शिकला आणि खेळला. तिथून २००५ मध्ये एएचएलच्या ह्यूस्टन संघात गेला. एनएचएलमधला पहिला पूर्ण हंगाम त्याला २००८-०९ मध्ये नॅशव्हिलकडून मिळाला, तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. एकूण ७२६ एनएचएल सामने तो खेळला, आणि २०१२ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात ओव्हरटाइमचा गोल त्याचाच. तुमचा मुलगा वॉर्ड होईल असं मी म्हणत नाही, तसं कुणीच म्हणू शकत नाही. पण विद्यापीठात गेलं की दार बंद होतं, हे खरं नाही. एएचएल आणि ईसीएचएलचे क्लब दर वसंतात विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तेवीस-चोवीस वर्षांच्या खेळाडूंना घेतातच. तो मुलगा त्यांना अंगाने तयार मिळतो आणि नियमाच्या दृष्टीने कोरा.

शिष्यवृत्तीचं घड्याळ मात्र थांबत नाही. ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या हंगामांच्या बदल्यात मिळणारी शैक्षणिक मदत ठरावीक मुदतीत वापरायला सुरुवात करावी लागते, आणि कोणत्या प्रकारच्या व्यावसायिक करारावर सही केली की ती कमी होते किंवा जाते, हे तुमच्या मुलाच्या कागदांत लिहिलेलं असतं. प्रत्येकाच्या पॅकेजच्या अटी सारख्या नसतात. दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी काय सांगितलं यावर जाऊ नका, स्वतःचा कागद वाचा. अमेरिकन कॉलेजांचा मार्गही आता विचारात घ्या. १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियरमध्ये (ओंटारियो लीग त्यातलीच) खेळलेल्या मुलांना एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेच्या पहिल्या विभागात खेळता येतं, जे आधी शक्य नव्हतं. पण वयाच्या आणि पात्रतेच्या अटी तिथेही आहेत, आणि व्यावसायिक करारावर सही झाली की तो मार्ग जवळपास मिटतो. कॅनडातल्या विद्यापीठांकडेही व्यावसायिक खेळून परत येणाऱ्याला थांबावं लागतं आणि खेळण्याची पात्र वर्षं कमी होतात. म्हणजे एक रस्ता आधी घेतला तर दुसरा उघडा राहतो, पण उलट दिशेने गेलं तर तो अरुंद होतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण घरात यावर बोलायला सगळे कचरतात. ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा असतो, काही शे डॉलर, आणि तो फक्त हंगामात मिळतो, म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल. राहायची सोय क्लब करतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूच्या हातात सबंध हंगामात साधारण पंधरा ते वीस-बावीस हजार अमेरिकी डॉलर पडतात. उन्हाळ्यात बर्फाचं भाडं, ट्रेनर, जिम हे त्याने स्वतः भरायचं. म्हणून बहुतेक मुलं उन्हाळ्यात हॉकी शिबिरांत शिकवतात. यातून पोट भरतं, शिल्लक पडत नाही. करार हमीचाही नसतो, क्लब हंगामाच्या मध्यात सोडू शकतो.

एएचएलचा करार मिळाला की उडी मोठी आहे. तिथला किमान वार्षिक पगार पन्नास हजार डॉलरच्या थोडा वर आहे, आणि चांगल्या अनुभवी खेळाडूला लाखाच्या पुष्कळ वर मिळतात. त्याच्यावर येतो एनएचएलचा दुहेरी करार, वर खेळलं तर एक दर, खाली खेळलं तर दुसरा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. हंगामाच्या साधारण १९० दिवसांवर तो वाटला तर दिवसाला चार हजारांवर जातो. समजा खालचा दर वर्षाला एक लाख आहे, तर दिवसाला पाचशे-साडेपाचशे. म्हणजे वरचा एक दिवस खालच्या एका आठवड्याएवढा. जर्नीमनचं सगळं अर्थकारण या फरकावर चालतं, आणि म्हणूनच आम्ही करार करताना वरच्या आकड्यापेक्षा खालच्या आकड्यासाठी जास्त भांडतो. वरचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, पण घरभाडं खालच्या आकड्यातून जातं. एकूण हमी रक्कम लिहून घेता आली तर त्याहून उत्तम.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: खालच्या लीगमध्ये पैसा नाही, मुदत मोजलेली आहे, आणि वर जायचं तर एखादं नेमकं काम यायला हवं. आता थोडं पुढच्या टप्प्याबद्दल, कारण तुम्ही दहा वर्षं म्हणालात, आणि त्यातली निम्मी बहुधा उत्तर अमेरिकेबाहेर जातील.

पंचविशी-अठ्ठाविशीत, व्हेटरनच्या जागा अपुऱ्या पडायला लागल्या की खेळाडू युरोपकडे वळतो. जर्मनीची डीईएल, स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, स्वीडन, फिनलंड, ऑस्ट्रिया, चेकिया, ब्रिटनची एलिट लीग, असा मोठा पसारा आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये साखळी हंगाम ५२ सामन्यांचा. अंतरं कमी, त्यामुळे रात्री माणूस घरी झोपतो. फ्लॅट आणि बऱ्याचदा गाडी करारातच असते. एएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन रात्रींत तीन सामने खेळून झिजलेल्या गुडघ्यांना हे वेळापत्रक पाच-सहा वर्षं जास्त देतं. ब्रिटनमधले काही क्लब खेळाडूला जवळच्या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची जागाही मिळवून देतात. आधी पदवी असेल तरच तिचा उपयोग, हेही लक्षात ठेवा.

तिथे अडचण वेगळी असते. परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित असतात आणि परदेशी म्हणून आणलेल्याकडून गोलांची अपेक्षा असते. चौथ्या लाइनवर राबणारा माणूस युरोपात परदेशी म्हणून कुणी आणत नाही. म्हणजे वर जाण्यासाठी जे काम शिकला, त्यापेक्षा वेगळं काम इथे दाखवावं लागतं. म्हणून मी खेळाडूंना सांगतो, ईसीएचएलमध्ये असताना पेनल्टी किल शिका, पण पॉवर प्लेवरचा हात मोडू देऊ नका. दोन्ही जमणारा सगळीकडे खपतो.

ग्लेन मेट्रोपोलिट हा या साऱ्या रस्त्याचा जिवंत नकाशा आहे. टोरांटोच्या रीजंट पार्कमध्ये वाढलेला, ड्राफ्ट न झालेला. ईसीएचएलमधून सुरुवात, मग १९९९-२००० मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएल. तिथे पाय रोवले गेले नाहीत तेव्हा तो फिनलंडला योकेरितकडे गेला, तिथून स्वित्झर्लंडला लुगानोकडे, आणि २००६ मध्ये त्या संघाने स्विस विजेतेपद मिळवलं. त्यानंतर बत्तिशीत तो एनएचएलमध्ये परतला: अटलांटा, सेंट लुइस, बोस्टन, फिलाडेल्फिया, आणि मग मॉन्ट्रियलने त्याला वेव्हर्सवरून उचललं. वेव्हर्स म्हणजे क्लबने खाली पाठवायला काढलेल्या खेळाडूवर बाकीच्या ३१ संघांना २४ तासांत हक्क सांगता येतो, ती व्यवस्था. एनएचएलचे ४०७ सामने झाल्यावर तो पुन्हा युरोपात गेला. यातला प्रत्येक बदल कागदावर अस्थिरता दिसतो. पण ओळीने वाचलं तर प्रत्येक वेळी त्याने जिथे खेळायला मिळेल तिथे जायचं ठरवलं, मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसायचं नाकारलं. माझ्या पाहण्यात टिकणाऱ्यांची ही एक खूण आहे.

घराबद्दल दोन गोष्टी. कॅनेडियन खेळाडू अमेरिकेत व्हिसावर खेळतो, तेव्हा त्याच्या अवलंबित व्हिसावर आलेल्या बायकोला तिथे काम करता येत नाही. आज तुम्हाला हे लांबचं वाटेल, पण सत्ताविसाव्या वर्षी संसार मांडताना नेमकं हेच आड येतं, आणि अनेक चांगले खेळाडू खेळ संपल्यामुळे नाही, तर यामुळे थांबतात. दुसरी गोष्ट, संघच नाहीसा होऊ शकतो. न्यूफाउंडलंड ग्रोलर्सने २०१९ मध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात, ईसीएचएलचा केली कप जिंकला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचं लीगमधलं सदस्यत्व रद्द झालं आणि खेळाडूंना हंगाम संपायच्या आत सामान बांधावं लागलं. खेळाडूच्या हातात नसलेल्या अशा गोष्टींसाठी थोडी बचत आणि एक पदवी एवढंच संरक्षण असतं.

शरीराबद्दल मी हट्टाने सांगतो. संघ बदलत राहिला की त्याच्या दुखापतींचा इतिहास चार-पाच क्लबांच्या फायलींत विखुरतो. डोक्याला मार लागला, खांदा निखळला, कमरेचा सांधा दुखला, की प्रत्येक वेळी अहवालाची प्रत त्याच हंगामात मागून घ्यायची आणि स्वतःजवळ ठेवायची. अमेरिकेत खेळताना झालेल्या दुखापतीसाठी कामगार भरपाईचा हक्क या लीगमधल्या खेळाडूंनाही असतो, पण त्याला राज्यानुसार मुदती असतात आणि कागद नसेल तर दावा उभा राहत नाही. खेळाडूंची संघटना, पीएचपीए, एएचएल आणि ईसीएचएल दोन्हीकडच्या खेळाडूंसाठी आहे. तिच्या प्रतिनिधीशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्यायला मी सांगतो, आणि बहुतेक मुलं ते करत नाहीत. डोक्याच्या दुखापतीबाबत तर तडजोड नको. चक्कर येत असताना 'ठीक आहे' म्हणून पुन्हा बर्फावर उतरणारा मुलगा शूर समजला जातो आणि दोन वर्षांनी त्याला कुणी करार देत नाही.

खेळ थांबल्यावर काय, याची धास्ती तुमच्या पत्रात जाणवते. इथे जर्नीमनचा अनुभव खरोखर उपयोगी पडतो. जॅरेड बेडनार एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. साउथ कॅरोलायना स्टिंगरेजकडून खेळाडू म्हणून त्याने १९९७ आणि २००१ मध्ये केली कप जिंकला, त्याच क्लबचा प्रशिक्षक म्हणून २००९ मध्ये, मग २०१६ मध्ये एएचएलचा कॅल्डर कप, आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोबरोबर एनएचएलचा स्टॅनले कप. दहा पद्धतींत खेळलेला, दहा प्रशिक्षकांच्या हाताखाली राहिलेला, बाकावर बसलेल्या खेळाडूच्या मनात काय चालतं हे ठाऊक असलेला माणूस चांगला प्रशिक्षक होण्याची शक्यता मला नेहमीच जास्त वाटते. अर्थात अशा जागाही थोड्याच.

आता तुमच्या मुलाकडे येतो. मला पूर्ण माहिती नसताना कल सांगायचा झाला तर तो विद्यापीठाकडे आहे. या पेशाची लांबी सुरुवातीला मिळत नाही, शेवटाला मिळते. एकविसाव्याऐवजी चोविसाव्या वर्षी सुरू केल्याने पस्तिशीतली वर्षं कमी होत नाहीत. पण ईसीएचएलला लवकर सुरुवात केल्याने पदवी मात्र बऱ्याचदा कायमची मागे पडते.

याला अपवाद आहे, आणि तो तुमच्या मुलाला लागू होतो का हे एका फोनवर कळेल. त्याने स्वतः त्या प्रशिक्षकाला फोन करावा, तुम्ही नाही. प्रशिक्षक पालकांशी गोड बोलतात, खेळाडूशी कामाचं बोलतात. विचारावं: मला पहिल्या महिन्यात कोणत्या लाइनवर किंवा जोडीत पाहताय? पेनल्टी किलवर वापराल का? तुमच्याकडून गेल्या हंगामात किती जण एएचएलला गेले, आणि ते कोणत्या प्रकारचे खेळाडू होते? संलग्न एएचएल क्लबच्या कॅम्पला (हंगामापूर्वीच्या सराव शिबिराला) मला बोलावणं आहे का, आणि ते लेखी मिळेल का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी 'हो' असेल, आणि पहिल्याला प्रशिक्षकाने नेमकं काम सांगितलं, तर वरच्या क्लबने त्याच्यात काहीतरी पाहिलंय. मग शिष्यवृत्तीच्या मुदतीत बसत असेल तर एक हंगाम जरूर जाऊ द्या, आणि हंगाम संपल्यावर पुन्हा हेच प्रश्न विचारा. उत्तर "ये, कॅम्पमध्ये बघू" एवढंच असेल, तर ते तीस-चाळीस मुलांना दिलेलं उत्तर आहे. त्यासाठी विद्यापीठ सोडू नये.

आणि तो फोन करण्याच्या आधी, याच आठवड्यात, ज्युनियर क्लबच्या शिक्षण सल्लागाराला ईमेल करून दोन गोष्टी लेखी मागवा: त्याच्या पॅकेजमध्ये किती वर्षांची फी आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत सुरू करावी लागेल, आणि ईसीएचएलच्या करारावर सही केल्यास नेमकं काय जाईल. ते उत्तर हातात येईपर्यंत कशावरही सही करू देऊ नका. तो कोणत्या जागी खेळतो आणि कोणत्या हाताने शॉट मारतो हे कळवलंत, तर पुढचं अधिक नेमकं लिहीन.